लष्करी रिव्हॉल्व्हरें व त्यांचीं काडतुसें : वऱ्हाडांतील संग्राहकांकरितां एक टिपण

पोथ्या, बखरी, सनदा, नाणीं व ताम्रपट हे आपल्या संशोधनाचे नेहमींचे विषय होत. हत्यारांपैकीं तलवार, पट्टा, कट्यार व भाला यांच्याकडेही संशोधकांचें लक्ष पूर्वींपासून गेलेलें आहे. परंतु तोड्याच्या बंदुकीच्या अलीकडचें एखादें हत्यार समोर आलें म्हणजे तें इतिहासाचें साधन नव्हे, पोलीसठाण्याचा विषय होय, असें समजून आपण तें बाजूस सारतों. वस्तुतः १८८० पासून पुढें सत्तरांहून अधिक वर्षें ब्रिटिश सैन्यानें वापरलेलीं एन्फील्ड व वेब्ले ह्या नांवांचीं रिव्हॉल्व्हरें आतां इतिहासजमाच झालेलीं आहेत. त्यांतील पुष्कळांस शंभर वर्षें उलटून गेलीं. तीं कोठें घडलीं, कोणी तपासलीं, कोणत्या सैन्यांत गेलीं व केव्हां खाजगी हातीं आलीं, हें सर्व त्यांच्या अंगावर कोरलेलें असतें. पोथीची पुष्पिका वाचणारास हें वाचन अवघड वाटण्याचें कारण नाहीं.

प्रस्तुत लेखांत तीन गोष्टींचा विचार करावयाचा आहे : हीं हत्यारें ओळखावीं कशीं, त्यांचीं काडतुसें कोणतीं व तीं कां मिळत नाहींत, आणि असें हत्यार एखाद्या घरीं निघाल्यास संग्राहकाचें कर्तव्य काय. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. तिच्याविषयींच्या अज्ञानामुळें एका बाजूस निरपराध गृहस्थ कैदेच्या भयाखालीं येतो, तर दुसऱ्या बाजूस अक्षरांकित वस्तु कसलीही नोंद न होतां भट्टींत जाते.

१. आपल्या भागाचा संबंध

वऱ्हाड प्रांत १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आला तो हैदराबाद कंटिंजंट ह्या फौजेच्या खर्चाकरितां, हें वाचकांस ठाऊक आहेच. ह्या फौजेची एक छावणी वाशीमच्या दक्षिणेस हिंगोली येथें होती. १९०३ सालीं कंटिंजंटचें स्वतंत्र अस्तित्व संपलें, व तिच्या पायदळ पलटणी ९४ ते ९९ ह्या क्रमांकांनीं हिंदी सैन्यांत दाखल झाल्या. त्यांतील ९६ वी पलटण ‘बेरार इन्फंट्री’ ह्या नांवानें ओळखली जात असे. इकडे वाशीमचा स्वतंत्र जिल्हा १९०५ सालीं मोडून तो प्रदेश अकोल्यास जोडला गेला, तो १ जुलै १९९८ रोजीं पुन्हां निराळा झाला. म्हणून रिसोड, मंगरूळपीर, कारंजा इत्यादि गांवांतील जुन्या हत्यारपरवान्यांचे कागद पाहावयाचे झाल्यास वाशीमपेक्षां अकोल्याच्या दप्तराकडे आधीं वळावें लागतें.

खाजगी घरांत लष्करी रिव्हॉल्व्हर येण्याचे मार्ग मुख्यतः दोन. ब्रिटिश सैन्यांतील अंमलदारास आपलें रिव्हॉल्व्हर पदरच्या पैशानें विकत घ्यावें लागे. त्यांत सरकारी काडतूस चाललें पाहिजे, एवढीच अट असे. असें हत्यार अंमलदाराची खाजगी मालमत्ता असल्यामुळें तो तें विकूं शके किंवा कोणास देऊं शके. दुसरा मार्ग सरकारी मालाच्या विक्रीचा. सैन्यास नको झालेलीं हत्यारें निकालांत काढलीं जात, व तीं दुकानदारांच्या मार्फत परवानाधारकांकडे येत. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानंतर हिंदी माणसास परवान्यावांचून बंदूक बाळगतां येत नसे. त्यामुळें पाटील, देशमुख वा पेन्शनर सुभेदार यांच्या दप्तरांत मोडी रुमालांबरोबर एखादा इंग्रजी परवाना निघाल्यास तो फेंकून देऊं नये. हत्याराइतकेंच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व त्या कागदास आहे.

२. नमुन्यांचा अनुक्रम

वाफेच्या इंजिनांप्रमाणें ह्या हत्यारांचीही वंशावळ लावतां येते. आरंभींचें अ‍ॅडम्सचें रिव्हॉल्व्हर १८५१ चें. त्यांत बोमाँट नामक अंमलदारानें १८५६ सालीं सुधारणा केली. हें केपेचें हत्यार होय. ह्यास आज ज्यास आपण काडतूस म्हणतों तें लागत नाहीं; दारू व गोळी चक्राच्या घरांत भरून मागें केप बसवावी लागे. १८६८ पासून पितळी पुंगळीचीं काडतुसें आलीं, व अ‍ॅडम्सचींच ·४५० बोराचीं नवीं रिव्हॉल्व्हरें सैन्यानें घेतलीं.

१८८० सालीं एन्फील्डच्या सरकारी कारखान्याचें रिव्हॉल्व्हर प्रचारांत आलें व १८८२ सालीं त्याची दुसरी आवृत्ति निघाली. त्याचें काडतूस ·४७६ चें. नळी खालीं वांकविली म्हणजे चक्र पुढें सरके व रिकाम्या पुंगळ्या बाहेर पडत. ही रचना अवजड होती व लवकरच मागें पडली.

१८८७ सालीं बर्मिंगहॅमच्या वेब्ले कारखान्याचें रिव्हॉल्व्हर सैन्यानें स्वीकारलें. त्याच्या सहा आवृत्त्या झाल्या : पहिली १८८७, दुसरी १८९४, तिसरी १८९७, चवथी १८९९, पांचवी १९१३ व सहावी १९१५. पहिल्या पांच आवृत्त्यांची लष्करी नळी सामान्यतः चार इंचांची, व मूठ पक्ष्याच्या चोंचीसारखी वळलेली असते. सहाव्या आवृत्तीची नळी सहा इंचांची व मूठ चौकोनी असते. एवढ्या दोन खुणांवरून दुरूनही सहावी आवृत्ति ओळखतां येते. ह्या सर्वांत एक रचना समान आहे. डाव्या बाजूचा खटका आंगठ्यानें दाबला कीं हत्यार मध्यें मोडतें, नळी खालीं झुकते, व चक्राच्या मध्यावरील तारा वर उचलून साऱ्या पुंगळ्या एकदम बाहेर फेंकतो. पहिल्या महायुद्धांत वेब्लेचा पुरवठा अपुरा पडला, तेव्हां अमेरिकेंतील कोल्ट व स्मिथ-वेसन कारखान्यांकडून, तसेंच स्पेनमधूनही ·४५५ बोराचीं रिव्हॉल्व्हरें घेण्यांत आलीं. १९२१ नंतर कांहीं वर्षें सहावी आवृत्ति एन्फील्ड येथेंही तयार झाली.

युद्धानंतर हलक्या हत्याराची मागणी झाली. १९३२ च्या सुमारास ‘एन्फील्ड नंबर २’ हें ·३८० बोराचें रिव्हॉल्व्हर प्रचारांत आलें. १९३८ सालीं त्याचा घोडा अंगठ्यानें ओढण्याची सोय काढून टाकलेला प्रकार निघाला. तो मुख्यतः रणगाड्यांतील शिपायांकरितां होता. दुसऱ्या महायुद्धांत ह्याच बोराचीं वेब्ले व स्मिथ-वेसन रिव्हॉल्व्हरेंही मोठ्या संख्येनें वापरलीं गेलीं. ·४५५ ची वेब्ले १९४७ सालीं सैन्यांतून अधिकृतपणें निवृत्त झाली.

३. अंगावरील अक्षरें व चिन्हें

आतां वाचनाकडे वळूं. कारखान्याचें नांव हें कालनिर्णयाचें पहिलें साधन आहे. १८९७ पर्यंत ‘पी. वेब्ले अँड सन’. त्या वर्षीं स्कॉट व एलिस यांच्या कारखान्यांशीं एकीकरण झाल्यावर ‘वेब्ले अँड स्कॉट रिव्हॉल्व्हर अँड आर्म्स कंपनी’. १९०६ पासून नुसतें ‘वेब्ले अँड स्कॉट’. शकवर्ष नसलेल्या लेखाचा काळ आपण राजाच्या बिरुदावरून ठरवितों, तसाच हा प्रकार. पंख असलेली गोळी ही ह्या कारखान्याची मुद्रा होय. आवृत्तीचा क्रमांक नळीवरील पट्टीच्या डाव्या अंगास रोमन अंकांत असतो.

सरकारी मालकीची खूण म्हणजे वर टोंक केलेला रुंद बाण. त्याच्या खालीं इंग्रजी ‘आय’ अक्षर असल्यास तें हत्यार हिंदुस्थान सरकारच्या मालकीचें होतें. दोन बाण टोंकास टोंक लावून काढलेले असल्यास तें सरकारी सेवेंतून विकलें गेलें, असें समजावें. बाण मुळींच नसून एखाद्या दुकानाचें नांव असल्यास तें बहुधा अंमलदारानें खाजगी रीतीनें घेतलेलें. मुकुट, त्याखालीं अंक व त्याखालीं ‘ई’ ही एन्फील्डच्या तपासनिसाची खूण. एकाच हत्यारावर ती अनेक ठिकाणीं आढळते. मुठीच्या मागील पट्टीवर पलटणीचें संक्षिप्त नांव व हत्याराचा क्रमांक कधीं कधीं मिळतो, आणि आपल्या दृष्टीनें हाच सर्वांत मोलाचा लेख. झीज झाल्यामुळें तो अनेकदां नजरेस पडत नाहीं. तिरप्या उजेडांत पाहिल्यास अक्षरें उमटतात, हें शिलालेख वाचणारांस सांगावयास नको.

कारखान्याचा अनुक्रमांक शरीरावर उजव्या बाजूस असतो. तोच नळीवर व चक्रावर आहे किंवा नाहीं हें ताडून पाहावें. क्रमांक भिन्न असल्यास तें हत्यार दोन निरनिराळ्या पोथ्यांचीं पानें एकत्र बांधल्यासारखें आहे. तसें हत्यार बनावट ठरत नाहीं; सैनिकी दुरुस्तींत भाग बदलले जाणें स्वाभाविक आहे. परंतु मग एका भागावरील लेख संपूर्ण हत्यारास लावतां येत नाहीं.

उदाहरणार्थ, सहावी आवृत्ति, शरीरावर १९१७, बाणाखालीं ‘आय’, आणि पुढें टोंकास टोंक लावलेले बाण, असा लेख वाचला, तर एवढें निश्चित म्हणतां येतें : हत्यार महायुद्धांत घडलें, हिंदुस्थान सरकारच्या मालकीचें झालें, व नंतर विकलें गेलें. अमुक सरदारानें अमुक लढाईंत वापरलें, ही घरची आख्यायिका मात्र ह्या लेखानें सिद्ध होत नाहीं. तिला कागदाचा निराळा आधार पाहिजे.

४. काडतुसें

ज्यास हत्याराचा इतिहास कळावयाचा त्यानें काडतुसाचा इतिहास आधीं वाचावा. ·४५५ च्या काडतुसांत आरंभीं काळी दारू होती. १८९४ पासून कॉर्डाइट ही धूररहित दारू आली. ती थोडक्या जागेंत मावत असल्यामुळें १८९७ च्या दुसऱ्या प्रकारांत पुंगळी आंखूड करण्यांत आली. ह्याची शिशाची गोळी २६५ ग्रेन, म्हणजे सुमारें दीड तोळ्याची. १८९८ सालीं टोंकाशीं पोकळ असलेल्या गोळीचा तिसरा प्रकार निघाला. शरीरांत शिरतांच पसरणाऱ्या गोळ्यांस १८९९ च्या हेग परिषदेनें मनाई केल्यावर १९०० सालीं तो मागें घेण्यांत आला. अशा गोळ्यांस मिळालेलें ‘दमदम’ हें नांव कलकत्त्याजवळील काडतुसांच्या कारखान्यावरून पडलें आहे. १९३९ सालीं तांब्याच्या मिश्रधातूचें वेष्टण असलेल्या गोळीचा सहावा प्रकार आला. ·३८० च्या काडतुसाची मूळ गोळी २०० ग्रेनांची शिशाची होती. पुढें १७८ ग्रेनांची वेष्टित गोळी तिच्या जागीं आली.

पुंगळीच्या बुडावरील अक्षरें हीं काडतुसाची पुष्पिका. ‘आर. एल.’ म्हणजे वुलिचचा सरकारी कारखाना, नुसता ‘के’ म्हणजे बर्मिंगहॅमचा कायनॉक, ‘डी. एफ.’ म्हणजे दमदम, आणि ‘के. एफ.’ म्हणजे आपल्या पुण्याजवळील खडकी. खडकीचा हा कारखाना १८६९ चा आहे. जुन्या घरांतील चांदमारीच्या जागीं सांपडलेल्या रिकाम्या पुंगळीवरूनही कारखाना व पुष्कळदां वर्ष समजतें.

काडतुसावांचून हत्यार व्यर्थ होय, हें इंग्रज सरकार व त्याचे शत्रु दोघेही जाणून होते. लंडनहून सावरकरांनीं चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलें धाडलीं तेव्हां त्यांबरोबर काडतुसेंही होतीं. त्यांतील एका पिस्तुलानें २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकास अनंत कान्हेरे यांनीं जॅक्सनचा वध केला. कलकत्त्यास २६ ऑगस्ट १९१४ रोजीं रोडा कंपनीच्या मालांतून क्रांतिकारकांनीं पन्नास माउझर पिस्तुलें पळविलीं. त्यांबरोबरचीं ४६,००० काडतुसें सरकारास अधिक भयावह वाटलीं असल्यास नवल नाहीं.

सांप्रत स्थिति अशी आहे. इटलींतील फियोकी कारखाना ·४५५ चें काडतूस बनवीत आला आहे, व अमेरिकेंतही मधून मधून तें तयार होतें. आपल्या देशांत मात्र सामान्य परवानाधारकास ·४५५ किंवा ·३८० चें काडतूस दुकानांत मिळत नाहीं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचें नागरिकांकरितां असलेलें रिव्हॉल्व्हर ·३२ बोराचें आहे. त्याची घडण वेब्लेच्याच धर्तीची असली, तरी काडतूस सर्वस्वी भिन्न.

काडतूस मिळत नाहीं म्हणून दुसरें वापरून पाहण्याचा मोह अनर्थकारक ठरतो. अमेरिकेंत सहाव्या आवृत्तीचीं हजारों रिव्हॉल्व्हरें चक्राची मागील बाजू घांसून ·४५ च्या स्वयंचलित पिस्तुलाचें काडतूस घालण्याजोगीं करण्यांत आलीं. त्या काडतुसाचा दाब मूळ काडतुसाच्या दाबाहून पुष्कळच अधिक असल्यामुळें चक्र फुटण्याचें भय उत्पन्न झालें, आणि मूळ वस्तु कायमची विद्रूप झाली ती निराळीच. ‘·३८ स्पेशल’ व ·३८० हीं काडतुसेंही नांवांत सारखीं व मापांत वेगळीं आहेत. घरांत निघालेलीं जुनीं काडतुसें त्याहून कमी धोक्याचीं नव्हत. कॉर्डाइट काळानें बिघडतें, केपेंतील मसाला अविश्वसनीय होतो. तीं उडवून पाहूं नयेत, उकलूं नयेत, घांसून पुसूंही नयेत.

५. कायदा काय म्हणतो

येथें पुष्कळ संग्राहकांची समजूत अशी असते कीं, हत्यार शंभर वर्षांचें झालें म्हणजे तें पुराणवस्तु ठरतें व परवान्याचा प्रश्न मिटतो. ही समजूत सर्वथा चुकीची आहे. १९७२ च्या पुराणवस्तूंच्या कायद्यानें सामान्य वस्तूस शंभर व हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षांची मर्यादा घातली आहे, हें खरें; परंतु त्या कायद्याचा रोख मुख्यतः निर्गत, नोंद व खरेदी-विक्री यांवर आहे. बंदुकीस लागू होणारा कायदा १९५९ चा असून तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला, आणि त्याखालील सध्यांचे नियम २०१६ चे आहेत.

ह्या नियमांत वर्गवारी करितांना हत्याराचें वय पाहिलेलें नाहीं. काडतूस पाहिलें आहे. ज्या पिस्तुलांत वा रिव्हॉल्व्हरांत ·३८० किंवा ·४५५ चें कडेचें काडतूस बसतें व उडतें, तें निषिद्ध वर्गांत मोडतें, मग त्याचा स्वतःचा बोर कोणताही असो. १८८२ च्या एन्फील्डच्या ·४७६ च्या चक्रांत ·४५५ चें काडतूस बसत असल्यामुळें तें जुनाट हत्यारही ह्या शब्दांतून सुटत नाहीं. काडतूस बाजारांत मिळत नाहीं, हा बचाव येथें चालत नाहीं. निषिद्ध हत्यार बेकायदा बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें सात ते चौदा वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. त्याच दुरुस्तीनें एका परवानाधारकास ठेवतां येणाऱ्या बंदुकांची संख्या तिनांवरून दोनांवर आणली, व वारसानें आलेल्या बंदुकाही ह्याच मर्यादेंत धरल्या.

अपवाद आहे तो ४५ व्या कलमांत. कालबाह्य घडणीचें, पुराणमूल्याचें अथवा नादुरुस्त असलेलें जें हत्यार दुरुस्तीनें किंवा दुरुस्तीवांचून बंदूक म्हणून वापरतां येणें शक्य नाहीं, त्यास हा कायदा लागू नाहीं. ह्या वाक्याचा अन्वय नीट लावला पाहिजे. पुराणमूल्य आहे एवढ्यानें भागत नाहीं. ‘वापरतां येणें शक्य नाहीं’ हें विशेषण तिन्ही प्रकारांस लागतें. गंजून एकजीव झालेली नळी ह्यांत बसेल. तेल घातल्यावर चालणारी वेब्ले बसणार नाहीं. हा निर्णयही आपण स्वतः करावयाचा नसून जाणकाराच्या तपासणीनंतर सरकारी अधिकाऱ्यानें लेखी द्यावयाचा असतो.

विलायतेंतील दृष्टि ह्याहून भिन्न आहे. तेथील १९६८ च्या कायद्याखालीं जुनें हत्यार शोभेची वस्तु म्हणून ठेवतां येतें, आणि त्यासाठीं ज्यांचीं काडतुसें कालबाह्य झालीं अशा बोरांची यादी सरकारनें केली आहे. १९९७ सालीं लहान नळीच्या बंदुकांवर बंदी आली तेव्हांही १९१९ पूर्वींच्या ऐतिहासिक हत्यारांकरितां मर्यादित वाट ठेवण्यांत आली. ·४५५ चें काडतूस अजून निघत असल्यामुळें तें कालबाह्यांच्या यादींत नाहीं. तात्पर्य, दोन्ही देशांत मोजपट्टी काडतुसाचीच. तिकडे काडतुसाच्या अभावानें हत्यार मुक्त होऊं शकतें, इकडे काडतुसाच्या मापानें तें बद्ध होतें. आपल्याकडेही अशी अभ्यासित यादी व्हावी, अशी मागणी करणें संशोधनसंस्थांस अनुचित होणार नाहीं.

६. संग्राहकाचें कर्तव्य

ज्या घरीं असें हत्यार निघेल त्या गृहस्थास आपण पुढील सल्ला द्यावा.

(१) हत्यार भरलेलें आहे असेंच समजून त्यास हात लावूं नये, व तें घेऊन कोणाकडे दाखवीत हिंडूं नये.

(२) परवानाधारक मृत असल्यास अथवा परवान्याची मुदत संपली असल्यास विनाविलंब जवळच्या पोलीसठाण्यांत किंवा, नियमांप्रमाणें, परवानाधारक दुकानदाराकडे तें जमा करून पावती घ्यावी. पावतीवर आवृत्ति, बोर व अनुक्रमांक लिहून घ्यावा. काडतुसेंही मोजून जमा करावीं.

(३) जमा केल्यानें वारसाचा हक्क तत्काळ नष्ट होत नाहीं. परवानगी असलेल्या व्यक्तीस वा संस्थेस तें देण्याची संधि कायद्यानें ठेवली आहे. परंतु मुदत चुकल्यास हत्यार सरकारजमा होतें. परवाना असलेल्या संग्रहालयास देण्याचा अर्ज ह्या मुदतीच्या आंतच करावा.

(४) जमा करतेवेळीं अधिकाऱ्याच्या अनुज्ञेनें व त्याच्या समक्ष सर्व अक्षरांचीं व चिन्हांचीं छायाचित्रें घ्यावीं. घांसून चकाकी आणूं नये. चकाकीबरोबर लेख जातो.

(५) परवाना, त्यावरील नूतनीकरणाचे शेरे, काडतुसांच्या खरेदीच्या नोंदी, दुकानाची पावती, पलटणीचें पेन्शनपत्र हे कागद हत्याराबरोबर देऊं नयेत. निदान त्यांच्या प्रति ठेवाव्या. त्यांस कोणताही कायदा हरकत घेत नाहीं.

पांचवें कलम मी मुद्दाम शेवटीं घातलें आहे. वाशीम येथें १९३९ सालीं वाकाटक विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडांत आला, म्हणून वत्सगुल्माच्या राजवंशाचा धागा हातीं लागला. तो पत्रा कोणी कासाराच्या भट्टींत टाकिला असता, तर तांब्याचे चार पैसे मिळाले असते आणि राजवंशाचा एक दुवा गेला असता. कारंज्याच्या जैन भांडारांतील ग्रंथ टिकले तेही कोणीतरी प्रथम यादी केली म्हणून जगास ठाऊक झाले. मुद्देमालाच्या खोलींतून जीं हत्यारें नष्ट होण्यास जातात, त्यांतील प्रत्येकावर असा एक लघुलेख असूं शकतो. लोखंड आपल्या हातीं राहणार नाहीं, आणि बहुतेक प्रसंगीं तें राहूंही नये. लेख मात्र राहूं शकतो. त्यास परवाना लागत नाहीं, फक्त वेळेवर केलेली नोंद लागते. ज्या वाचकांच्या संग्रहांत १८७८ च्या कायद्याखालील परवाने अथवा काडतुसांच्या खरेदीच्या चोपड्या असतील, त्यांनीं त्यांच्या प्रति गांवाच्या व सालाच्या उल्लेखासह संस्थेकडे धाडाव्या. वऱ्हाडांतील परवान्यांची एक सालवार यादी त्यांवरून सिद्ध करतां येईल.